आयआयटी मद्रासची ऑनलाइन पदवी : प्रोग्रॅमिंग शिकण्याआधी काय काय लागते?

जेईई दिली नाही म्हणजे आयआयटीचे दार कायमचे बंद झाले, असे आपल्या वस्त्यांतील अनेक मुलांना वाटते. आयआयटी मद्रासने २०२० साली सुरू केलेल्या डेटा सायन्सच्या ऑनलाइन पदवीला जेईई लागत नाही. या अभ्यासक्रमात पायथन, जावा, डेटाबेस असे विषय घरी बसून शिकता येतात. मात्र पूर्वतयारी न करता अर्ज भरला, तर पहिल्या चार आठवड्यांतच गळती होते. म्हणून आवश्यक बाबी आधी समजून घ्या.

शैक्षणिक पात्रता

बारावी उत्तीर्ण असावे. शाखा कला, वाणिज्य, विज्ञान यांपैकी कोणतीही चालते. दहावीला गणित आणि इंग्रजी हे विषय असणे आवश्यक आहे. दहावीनंतरचा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम केलेलेही पात्र आहेत. वयाची अट नाही, त्यामुळे नोकरी करणाऱ्यांनाही प्रवेश घेता येतो. प्रोग्रॅमिंग आधी येत असावे, अशी अट नाही.

पात्रता परीक्षा

अर्ज केल्यावर इंग्रजी, गणित, संख्याशास्त्र आणि कॉम्प्युटेशनल थिंकिंग या चार विषयांचे चार आठवड्यांचे धडे मिळतात. साप्ताहिक स्वाध्यायांत किमान सरासरी गुण मिळाले, तरच परीक्षेला बसता येते. चारही विषयांची मिळून चार तासांची ही परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. उत्तीर्ण होण्यासाठी खुल्या प्रवर्गाला सरासरी ५० टक्के, ओबीसींना ४५ टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात. प्रत्येक विषयात वेगळे किमान गुणही लागतात, म्हणून एकही विषय सोडून चालत नाही.

गणित किती यावे?

संच, फलन, सरळ रेषा, वर्गसमीकरणे एवढा पाया पक्का हवा. दहावीचे पुस्तक पुन्हा सोडवणे ही सर्वांत स्वस्त तयारी आहे. कॉम्प्युटेशनल थिंकिंगमध्ये प्रोग्रॅम लिहायचा नसतो. खरेदीची बिले, विद्यार्थ्यांचे गुण अशा माहितीतून उत्तर कोणत्या पायऱ्यांनी काढायचे, ते शिकवतात. हा विषय झाल्यावरच पायथन घेता येते.

साधने आणि वेळ

व्हिडिओ मोबाइलवर पाहता येतात, पण प्रोग्रॅमिंगची परीक्षा मोबाइलवर देता येत नाही. त्यासाठी कॅमेरा असलेला संगणक आणि चांगले इंटरनेट लागते. शिकवणे आणि परीक्षा इंग्रजीत असतात. एका विषयाला आठवड्याला साधारण १० तास द्यावे लागतात. काम करून शिकणाऱ्यांनी एका सत्रात दोनच विषय घ्यावेत. पदवीसाठी आठ वर्षांची मुदत आहे, घाई नको.

जातीचा दाखला

अनेक बौद्ध विद्यार्थी इथेच अडतात. अनुसूचित जातींना शुल्कात मोठी सूट आहे आणि कुटुंबाचे उत्पन्न फार कमी असल्यास ती वाढते. परंतु ही केंद्राची संस्था आहे, त्यामुळे दाखला केंद्र शासनाच्या नमुन्यात लागतो. १९५०च्या अनुसूचित जाती आदेशात १९९० साली दुरुस्ती झाली आणि बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्या सवलती मिळू लागल्या. राज्याच्या कामासाठी काढलेला ‘नवबौद्ध’ असा दाखला हाती असेल, तर तो पुरेल असे गृहीत धरू नका. अर्जाची तारीख येण्याआधीच केंद्राच्या नमुन्यातील दाखल्यासाठी अर्ज करा. उत्पन्नाचा दाखलाही सोबतच काढा.

कार्यकर्त्यांसाठी

विहारात किंवा वाचनालयात एक-दोन संगणक, इंटरनेट आणि दहावीचे गणित शिकवणारा एक जण एवढी सोय झाली, तरी चार-पाच मुले पात्रता परीक्षेची तयारी एकत्र करू शकतील. गावात सत्कार समारंभाला जेवढा खर्च होतो, त्यात एक जुना लॅपटॉप नक्कीच येतो.