गलगंड, पुढे आलेले डोळे आणि परळचा उपचार

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात गलगंडाचे वातज, कफज आणि मेदोज असे प्रकार वर्णिले असले, तरी गळ्याची सूज आणि खोबणीतून पुढे आलेले डोळे यांची सांगड तेथे घातलेली नाही. ती एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपात घातली गेली. बाथ येथील कॅलेब पॅरी यांची निरीक्षणे त्यांच्या मृत्यूनंतर १८२५ मध्ये छापली गेली, डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १८३५ मध्ये आणि मर्सेबर्गच्या कार्ल फॉन बेसडो यांनी १८४० मध्ये या विकाराचे वर्णन केले, आणि नाव मात्र रूढ झाले ते ग्रेव्ह्ज यांचे व जर्मन परंपरेत बेसडो यांचे. आधी पाहणाऱ्या पॅरींवर हा अन्यायच झाला.

या रोगात प्रतिकारयंत्रणेने चुकून तयार केलेली प्रतिपिंडे अवटुग्रंथीला, म्हणजेच थायरॉईडला, सतत चेतवत राहतात, त्यामुळे ग्रंथी वाढते, संप्रेरके वाजवीपेक्षा अधिक स्रवतात, माणूस वाळतो, छाती धडधडते, हात कापतात, आणि डोळ्यांमागील स्नायू व चरबी सुजून नेत्रगोल पुढे ढकलले जातात. आयोडीनच्या अभावी होणारा गलगंड याहून वेगळा असून भारतात शासनाचे लक्ष दीर्घकाळ त्याच्यावरच राहिले, जे रुग्णसंख्या पाहता स्वाभाविकही होते: व्ही. रामलिंगस्वामी व सहकाऱ्यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मिठाचा गुण दाखवून दिला, आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

ग्रेव्ह्जच्या विकारातील अवटुग्रंथीच्या अतिक्रियतेवरील एक प्रभावी उपचार महाराष्ट्रात आला तो अणुऊर्जेच्या वाटेने. बोस्टनमध्ये सॉल हर्ट्झ यांनी १९४१ साली किरणोत्सर्गी आयोडीन प्रथम रुग्णाला दिले; ग्रंथी आयोडीन स्वतःच शोषून घेते व त्यातून निघणारे किरण तिच्या पेशी आतून नष्ट करतात, हे त्यामागील तत्त्व. मुंबईत परळ येथे १९६३ मध्ये अणुऊर्जा खात्याचे विकिरण वैद्यक केंद्र स्थापन झाले आणि अवटुविकारांवरील उपचारांचे ते प्रमुख ठिकाण ठरले. आयोडीन-१३१ चा अर्धायुकाल अवघा आठ दिवसांचा, त्यामुळे ते दूरवर साठवून ठेवण्याजोगे औषध नव्हेच. उदाहरणार्थ, भंडारा जिल्ह्यातील अड्याळहून परळ गाठायचे, तर नागपूर आणि तेथून रेल्वेने आठशेहून अधिक किलोमीटर जावे लागते. अशा गावच्या रुग्णाला संप्रेरकनिर्मिती दाबणाऱ्या कार्बिमाझोलच्या गोळ्या किंवा शस्त्रक्रिया हेच पर्याय जवळचे होते.

किरणोत्सर्गी आयोडीनच्या मात्रेनंतर अनेकांची ग्रंथी मंदावते व थायरॉक्सिन या संप्रेरकाची गोळी जन्मभर घ्यावी लागते. डोळे मात्र या उपचाराने मागे जात नाहीत, काहींचे, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांचे, अधिकच बिघडतात.