झाडीपट्टीतली रात्रपाळी

कामात मजा असावी, असं हल्ली कंपन्या सांगतात. आता आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे बघा. दिवाळीनंतर, धान निघायच्या सुमारास गावोगावी मंडई भरे आणि शेतकरीच दंडार उभी करत. दिवसा विळा धरणारा रात्री सोंग घेई. काम कुठं संपलं नि मजा कुठं सुरू झाली, हे विचारायची गरजच पडत नसे.

पुढे वडसा हे या रंगभूमीचं केंद्र झालं. मंडळ्या आल्या, तिकीट आलं, नटाला बिदागी आली. होळीपर्यंत रोज नवं गाव, शंकरपट असेल तिथं तर हमखास नाटक. प्रेक्षक पहाटेपर्यंत हसतो. हसवणाऱ्याची ती रात्रपाळी असते. (हा शब्द माझा, नटांना बहुधा आवडणार नाही.) गडचिरोलीचे परशुराम खुणे यांनी ५००० हून अधिक प्रयोग केले, त्यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. एवढे प्रयोग नुसत्या पैशासाठी होत नाहीत, हौस लागतेच. पण ‘हौशी माणूस आहे’ म्हणत आपण त्याच हौसेपायी त्याची मजुरी कमी धरतो, ही खरी गल्लत. २०२० च्या टाळेबंदीत प्रयोग थांबले, तेव्हा आपली करमणूक बुडाली. पडद्यामागच्या पेटीवाल्याची, तबलजीची तर रोजीच गेली.