खानावळीची वही

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली. ताडदेवला तिची चाके १८५६ मध्ये फिरू लागली. पुढे कोकणातून नि घाटावरून माणसे लोटली आणि परळ-लालबागचे गिरणगाव झाले. एवढे मी वर्गात दरसाल शिकवतो. पण ही माणसे जेवत कुठे होती, हे सांगायचे राहूनच जाते.

बायकामुले गावी आणि हे एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे. त्यांच्यासाठी चाळीतल्या बायकांनी खानावळी चालवल्या. माझी आजी त्यांतलीच. जेवण महिनाभर उधार, हिशेब पगाराच्या दिवशी.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मी त्याच वर्षीचा. आजीची वही अजून घरात आहे. जानेवारीनंतर तिच्यात नावांपुढे आकडे वाढत जातात; जमेची बाजू मात्र कोरी. आजीच्या पाटल्या सोनाराकडे गेल्या, चूल विझली नाही. "ताटावरून माणसाला उठवायचं कसं?" एवढेच ती म्हणे.

लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात आता मॉल आहे. तिथल्या उपाहारगृहात बिल आले, की मला ती वही आठवते.

यंदा मी ती वर्गात नेली. एका मुलाने विचारले, "सर, यात माझ्या पणजोबांचं नाव असेल?"

आम्ही दोघे पाने उलटू लागलो.