भिंतीवरचे ते चेहरे

ख्मेर रूजच्या गुप्त पोलिसांनी नोम पेन्हमधल्या एका शाळेचा तुरुंग केला होता, एस-२१. आणलेल्या कैद्याच्या डोळ्यांवरची पट्टी सोडली, की समोर कॅमेरा. १९७९ पर्यंत असे हजारोंचे फोटो निघाले. जिवंत सुटले मोजके.

१९९७ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्यातले २२ फोटो मांडले, बहुतेक निनावी. मारणाऱ्यांनीच काढलेला फोटो कलाकृती म्हणून पाहायचा? मला नाही पटत. मय्यतीचा चेहरा शेवटचा पाहायला आधी घरचे पुढे होतात. पण झाकून तरी कसे ठेवावेत? नोम पेन्हच्या त्याच इमारतीत, याच फोटोंमध्ये काहींना आपली हरवलेली माणसे सापडली.

२०२१ मध्ये एकाने यातल्या काही चेहऱ्यांना रंग दिला, वर हसूही चिकटवले. कंबोडियाने निषेध केला, मग ते फोटो काढले गेले.