चौलचे रेशीम आणि क्योतोची सुई

जपानी माणूस लग्नासमारंभाला कमरेपासून घोट्यापर्यंत जे चुण्यांचे, घोळदार वस्त्र घालतो, त्याला हाकामा म्हणतात. या हाकामासाठी जपानमध्ये एक हलके, पातळ, रेघांचे रेशमी कापड आवडीने वापरले जाई. त्याचे नाव चाउ-जिमा. त्यातला ‘चाउ’ म्हणजे चौल, आपल्या रायगड जिल्ह्यातले, कुंडलिका खाडीच्या मुखाशी वसलेले चौल. पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी ते कापड जपानला नेले. पुढे तेन्ना काळात, म्हणजे १६८१ ते १६८४ च्या दरम्यान, क्योतोच्या विणकरांनी तसे कापड आपल्या मागावर उतरवले. जपानी शब्दकोशांत चाउ-जिमाच्या नोंदीपुढे चौलचा उल्लेख आजही सापडतो.

मुरुडला येणाऱ्या पर्यटकाला जंजिरा दाखवला जातो, कलाल बांगडी तोफ दाखवली जाते, समुद्रातला पद्मदुर्ग दुरून दाखवला जातो. ते सारे दाखवायलाच हवे. पण या किनाऱ्याने तोफांइतकीच ख्याती मागांनीही मिळवली होती, आणि ती ख्याती क्योतोपर्यंत पोचली होती, हे त्याला कोणी सांगत नाही. ही उणीव भरून काढण्यासारखी आहे.

मुरुडहून उत्तरेकडे निघाले की नांदगाव, काशीद, बोर्ली मागे टाकून रस्ता कोर्लईला येतो. कोर्लई मुरुड तालुक्यातच आहे. तिथल्या टेकडीच्या लांबट सोंडेवर उभे राहिले की खाली खाडीचे तोंड आणि पलीकडे रेवदंड्याची तटबंदी एका नजरेत मावते. पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये रेवदंड्याला कोट बांधायला घेतला. त्यांच्या लेखी हे खालचे चौल. आत, माडापोफळींच्या आड, वरचे चौल होते. तिथे निजामशाहीचा अंमल होता. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने रेवदंड्याला वेढा घातला, पण कोट पडला नाही. पुढे निजामशाहीने कोर्लईची टेकडी बळकट करायला घेतली, तीही पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये जिंकली. या लढाया पुस्तकांतून येतात. त्याच वर्षांत वरच्या चौलात माग चालू होते, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही.

चालू होते म्हणजे किती? इंग्रज व्यापारी राल्फ फिच १५८३ मध्ये चौलला उतरला. इथल्या बाजारात मसाले, औषधी द्रव्ये, चंदन, हस्तिदंत आणि चिनी मातीची भांडी यांच्या जोडीला रेशीम आणि रेशमी कापड यांची मोठी उलाढाल त्याने पाहिली. त्याच दशकात गोव्यात राहिलेल्या डच लेखक लिन्स्खोटेनचे प्रवासवर्णन १५९६ मध्ये छापले गेले. त्याने तर कच्चा माल कुठून येतो तेही नोंदवले आहे: रेशीम चीनमधून कच्चे येते, आणि इथे त्याचे सूत होऊन साटीन, ताफता यांसारखे कापड विणले जाते. फ्रेंच प्रवासी पिरार्द सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोव्यात होता. चौलचे रेशमी कापड जवळजवळ एकट्याने गोव्याला आणि उरलेल्या हिंदुस्थानाला पुरते, अशा अर्थाचे त्याने लिहिले. प्रवासी वाढवून सांगतात हे मान्य केले, तरी तीन वेगवेगळ्या देशांचे तीन लोक एकाच गावाच्या रेशमाची दखल घेतात, याला वजन आहे.

चीनचे ते कच्चे रेशीम चौलपर्यंत आणणारी व्यवस्था आणि जपानपर्यंत पोचवणारी व्यवस्था एकच होती. पोर्तुगीजांचे मोठे जहाज गोव्याहून वसंतात निघे, मलाक्का करून मकावला पोचे आणि पुढच्या मोसमी वाऱ्यावर जपान गाठे. १५७१ पासून नागासाकी हे त्याचे ठरलेले बंदर झाले. मिंग राजवटीने जपानशी थेट व्यापाराला बंदी घातली होती. जपानला चिनी रेशीम हवे होते, चीनला जपानी चांदी हवी होती, आणि मधली जागा पोर्तुगीजांनी पकडली. सुमारे १६०० सालच्या एका टिपणानुसार कँटनला ८० ‘तेल’ (चांदी मोजण्याचे माप) चांदीला घेतलेले पांढरे कच्चे रेशीम जपानमध्ये १४० ते १५० तेलांना विकले जाई. हा भाव इतका महत्त्वाचा ठरला, की १६०४ मध्ये जपानचा सत्ताधीश शोगुन तोकुगावा इएयासूने ठरावीक शहरांच्या व्यापाऱ्यांचा गट करून सगळे रेशीम एकगठ्ठा, एका दराने घेण्याची पद्धत घालून दिली. मकावच्या वखारींतून पश्चिमेकडे निघालेला माल गोव्याला येई. त्यातले कच्चे रेशीम चौलच्या विणकरांकडे जाई.

म्हणजे चौलचा विणकर आणि क्योतोच्या निशिजिन वस्तीतला विणकर एकाच देशाच्या कोशांतले तंतू हाताळत होते. निशिजिनमधूनच कापड रंगाऱ्याकडे आणि मग भरतकाम करणाऱ्याकडे जात असे.

हे रेशीम कारागिराच्या हाती येते तेव्हा कसे असते, हे समजल्याशिवाय जपानी भरतकाम समजत नाही. रेशमाच्या एका कोशातून साधारण हजार मीटर लांबीचा अखंड तंतू निघतो. त्यावर सेरिसिन नावाचा डिंकासारखा थर असतो. क्षाराच्या पाण्यात उकळून तो काढला की रेशीम मऊ आणि चमकदार होते, वजन मात्र जवळजवळ पाव हिश्शाने घटते. हे काम विणकरालाही चुकत नाही आणि भरतकामाचा दोरा तयार करणाऱ्यालाही. पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. ताण्याच्या सुताला मागावरचा ताण सोसावा लागतो, म्हणून विणकर त्याला पीळ देतो. जपानी भरतकामाचा दोरा मात्र पीळ न देताच ठेवतात. असंख्य तंतू शेजारी शेजारी सपाट पडलेले असतात, आणि कुठे किती पीळ द्यायचा हे सुई चालवणारा माणूस ठरवतो.

जपानी भरतकामाचा नवशिका इथेच थबकतो. मराठी घरांत आणि शाळांत भरतकाम शिकलेल्या हाताला तयार लडीचा दोरा, गोल रिंग आणि धावदोरा, बखिया, साखळी, गाठी हा टाक्यांचा क्रम ओळखीचा असतो. इथे सुरुवात टाक्यांच्या आधीच होते. कापड लाकडी चौकटीवर दोरीने ताणून बांधायचे. ते सगळीकडून सारख्याच ताणाचे असायला हवे, नाहीतर पुढचे सगळे काम आकसते. मग सपाट रेशमातून हवे तेवढे तंतू वेगळे काढायचे, त्यांचे दोन भाग करायचे, एक टोक चौकटीच्या खिळ्याला अडकवायचे आणि तळहातांत घासून प्रत्येक भागाला एका दिशेने पीळ द्यायचा. शेवटी दोन्ही भाग एकत्र घेऊन उलट्या दिशेने वळायचे. देवघरात वाती वळणाऱ्या आजीच्या तळहातांची हालचाल काहीशी अशीच असते, पण इथे पीळ थोडा जास्त झाला की चमक जाते आणि थोडा कमी पडला की दोरा सुटतो. चौकट टेकवलेली असल्याने दोन्ही हात मोकळे राहतात: एक वर, एक खाली. मुंबईतल्या जरदोजी कारागिरांना अड्ड्यावर, म्हणजे लाकडी चौकटीवर, काम करताना ही बैठक परिचयाची वाटेल.

पिळाचे महत्त्व किती, याचा पुरावा जपानच्या सर्वांत जुन्या शिल्लक भरतकामातच आहे. राजपुत्र शोतोकू ६२२ मध्ये वारला. त्याच्या पत्नीने त्याच्या स्मरणार्थ स्वर्गाचे चित्र असलेले दोन मोठे भरतकामाचे पडदे करवून घेतले. त्यांचे तुकडे नारा भागातल्या चुगूजी मठाच्या मालकीचे आहेत. तेराव्या शतकात, १२७५ मध्ये, जुने पडदे जीर्ण झाले म्हणून त्यांची प्रत केली गेली. आज दोन्हींचे तुकडे एकत्र जोडलेले दिसतात. त्यांत सातव्या शतकातले, घट्ट पिळाच्या दोऱ्याचे काम रंगासकट टिकले आहे. सहाशेहून अधिक वर्षांनंतरची, सैल पिळाची प्रत मात्र झडली आहे. नवशिक्याला पहिले धडे पिळाचे का देतात, याचे उत्तर चुगूजीच्या त्या तुकड्यांत आहे.

मग पीळ न दिलेला दोरा वापरायचाच कशाला? प्रकाशासाठी. सपाट रेशमाचे टाके उभे घातले तर प्रकाश एका बाजूने परततो, आडवे घातले तर दुसऱ्या. एकाच रंगाच्या दोन पाकळ्या दिशा बदलताच दोन छटांच्या दिसतात. सोळाव्या शतकाच्या अखेरीला जपानी कारागिरांनी या गुणाचा कळस गाठला. कापडावर लांबच लांब, सैलसर रेशमी टाके आणि त्यांच्या मधल्या जागेत चिकटवलेला सोन्याचा वर्ख, अशा नुइहाकू वस्त्रांचा तो काळ. नो नाटकांचे जुने पोशाख त्यातलेच. नागासाकीला मकावचे रेशीम येत होते तीच ही वर्षे.

पुढे दोन्हीकडे दिवस पालटले. जपानमध्ये शोगुनाने १६३९ मध्ये पोर्तुगीजांना देशाबाहेर काढले आणि युरोपियनांपैकी केवळ डचांना ठेवले. डचांनी चिनी मालाबरोबर बंगालचे कच्चे रेशीमही आणायला सुरुवात केली. १६८३ मध्ये, म्हणजे चाउ-जिमा क्योतोत विणले जाऊ लागले त्याच तेन्ना काळात, शोगुनाच्या सरकारने स्त्रियांच्या वस्त्रांवर सोनेरी जाळीदार कापड, भरतकाम आणि अंगभर केलेली बांधणी यांना मनाई केली. भरतकाम त्याने मेले नाही. ते आवरते झाले, रंगकामाच्या आधाराने जगले, आणि कमी टाक्यांत जास्त सांगायला शिकले. जपानी भरतकामातली ती मोकळी जागा, जी आज जगभर नावाजली जाते, तिच्यामागे ही सक्तीही आहे.

चौलचे नशीब इतके चांगले नव्हते. १६३६ मध्ये निजामशाही संपली आणि वरच्या चौलचा राजाश्रय गेला. इकडे राजपुरीच्या खाडीत जंजिऱ्याचा सिद्दी विजापूरची चाकरी सोडून १६७० च्या सुमारास मोगलांचा दर्यासारंग झाला. मराठे आणि सिद्दी यांच्या झुंजीत हा सगळा किनारा होरपळला. उत्तरेला इंग्रजांना मुंबई हवी तशी वसवायची होती. १६६९ ते १६७७ या काळात गव्हर्नर असलेल्या जेराल्ड ऑन्जियरने चौलच्या विणकरांना मुंबईत येऊन राहण्यासाठी उत्तेजन दिले. माणसे गेली की त्यांच्याबरोबर हातातली विद्याही जाते. १७४० मध्ये पोर्तुगीजांनी चौल मराठ्यांच्या स्वाधीन केले, तोवर तिथल्या रेशमाचे दिवस सरले होते. पोर्तुगीज अमलाखालचे काही ख्रिस्ती लोक खाडीच्या या बाजूला, कोर्लईत येऊन राहिले. त्यांची ‘नॉ लिंग’ ही पोर्तुगीज-मराठी मिश्र बोली गावात आजही बोलली जाते. ती बोली टिकली, पण चौलचे माग राहिले नाहीत.

रेशमाचा प्रवाह पुढे उलटा वाहू लागला. चांदी देशाबाहेर जाते म्हणून जपानने १७१५ मध्ये परदेशी व्यापारावर मर्यादा घातली आणि घरच्या रेशीमशेतीला बळ दिले. १८५९ मध्ये योकोहामा बंदर खुले झाले, तेव्हा कच्चे रेशीम हीच जपानची सर्वांत मोठी निर्यात ठरली. क्योतोच्या व्यापाऱ्यांनी चित्रांइतकी बारीक भरतकामे करवून युरोप-अमेरिकेच्या प्रदर्शनांत पाठवली. १८९३ मध्ये मुंबई-कोबे जहाजवाहतूक सुरू झाली. तिच्यामागे जमशेदजी टाटा होते. त्यांनीच पुढे बंगळूरला जपानी पद्धतीची रेशीमशेती उभारली आणि त्यासाठी जपानी जाणकार बोलावले. चौलहून गेलेल्या विणकरांची मुंबई दोन शतकांनी पुन्हा जपानच्या रेशमाशी जोडली गेली.

आज जपानमध्ये क्योतोची क्यो-नुइ, कानाझावाची कागा-नुइ आणि टोकियोची एदो शिशू या भरतकामांना पारंपरिक हस्तकला म्हणून सरकारी मान्यता आहे. क्यो-नुइला ती १९७६ मध्ये मिळाली. चिबा प्रांतातल्या तोगाने इथल्या कुरेनाई-काई संस्थेने परदेशी विद्यार्थ्यांसाठी हे शिक्षण दहा टप्प्यांत बांधून दिले, आणि अमेरिकेत अटलांटाला त्याचे केंद्र निघाले. पूर्वी गुरूच्या घरी वर्षानुवर्षे राहून जे मिळत असे, ते आता जपानबाहेरच्या माणसालाही शिकता येते. जपानने आपली विद्या अशी लिहून, क्रम लावून, शिकवून टिकवली. चौलच्या विणकरांचे काम असे कोणी मांडले नाही, आणि हे नुकसान भरून येणारे नाही.

तरी काही गोष्टी अजून हातात आहेत. मुरुड-अलिबाग पट्ट्यातल्या जुन्या घरांत आजी-पणजीची रेशमी पातळे, सोवळी, लग्नातले शेले पेट्यांतून पडून आहेत. ते विकण्यापूर्वी किंवा उशांच्या अभ्र्यांसाठी कापण्यापूर्वी उलट बाजूने पाहावे, किनार आणि पदर यांचे फोटो काढावेत, घरात कोणाकडून आणि कधी आले ते लिहून ठेवावे. कापड प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता धुतलेल्या सुती फडक्यात गुंडाळावे. कोर्लई आणि रेवदंड्याच्या किल्ल्यांवर माहितीचे फलक लावले जातात, त्यांत चौलच्या रेशमाच्या चार ओळी आणि चाउ-जिमाचे नाव यायला हवे. आणि जपानी भरतकाम शिकायचे मनात असेल, तर चौकट विकत घेण्याआधी एकदा वरच्या चौलची पाखाडी चालून यावी. तुम्ही ज्या रेशमाला पीळ देणार आहात, ते या वाटेनेही गेलेले आहे.