‘कृष्णविवर’ : एका शब्दाची फोड

1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ यांची ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. आद्याक्षरे उलटी केलेली!

इंग्रजी ‘ब्लॅक होल’ हे बोलीतले साधे शब्द. मराठीने मात्र संस्कृतचा आधार घेतला. युरोपीय भाषा असाच आधार ग्रीक-लॅटिनचा घेतात. ‘अ‍ॅस्ट्रॉनॉट’ म्हणजे ताऱ्यांचा नावाडी. त्यातील ग्रीक ‘नाउस’ आणि संस्कृत ‘नौ’ ही भावंडेच.

पण माणच्या शाळेतल्या मुलाला चंद्रावरचे ‘विवर’ म्हणजे खड्डा हे ठाऊक असते. कृष्णविवर खड्डा नव्हे. तिथून प्रकाशही सुटत नाही. म्हणून आम्हाला वाटते, शिक्षकांनी आधी शब्दाची फोड करावी, मग तो कुठे अपुरा पडतो तेही सांगावे.