पश्मी कुत्र्याचें सूत

कुत्र्याचें स्मारक म्हटलें कीं मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढें रायगडावरील वाघ्याची समाधि उभी राहते. ती १९३६ सालीं तुकोजीराव होळकरांच्या देणगींतून बांधली गेली. शिवकालीन कागदपत्रांत वाघ्याचा पुरावा सांपडत नाहीं. त्याची कथा घरोघर नेली ती गडकऱ्यांच्या 'राजसंन्यास' नाटकानें. या समाधीवरून २०११ व २०२५ सालीं जे वाद माजले त्यांत शिरण्याची आम्हांस हौस नाहीं. दगडाचें स्मारक उभें राहिलें कीं त्याला साक्षीदार लागतात, एवढें नमूद करून आम्ही आमच्या घरांतील एका निराळ्या स्मारकाकडे वळतों. तें पत्र्याच्या लहानशा डब्यांत मावतें, आणि तें आमच्या कुत्र्याच्याच केंसांचें सूत आहे.

आमचा मोती लातूर जिल्ह्यांतील चाकूर तालुक्यांत, जानवळ गांवीं जन्मला. हें गांव कारवानी कुत्र्यांसाठीं प्रसिद्ध आहे. लांब पायांचें, बारीक कमरेचें, वाऱ्यासारखें धांवणारें हें शिकारी कुत्रें. त्याच जातींत कान, पाय व शेपटी यांवर रेशमासारखी झालर असलेलें जें कुत्रें निघतें, त्यास पश्मी म्हणतात. फारशींत 'पश्म' म्हणजे लोकर. पश्मिना शालीच्या नांवांतला शब्द तो हाच. लोकरीचें नांव मेंढीला न देतां कुत्र्याला दिलें, याचें आम्हांस कोण कौतुक वाटे! परंतु त्या नांवाचा शब्दशः अर्थ घेण्याची बुद्धि मोती असेतोंवर आम्हांस झाली नाहीं.

ती झाली आमच्या कुटुंबास. फणीनें विंचरतांना निघालेली झालर तिनें सात वर्षें एका उशीच्या अभ्र्यांत सांठविली होती. नांदेडांत कताईवर हात बसलेलीं माणसें अजून मिळतात. मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीचें ठाणें येथेंच, आणि राष्ट्रध्वजाचें कापड उदगिरास विणलें जातें. शेजारच्या एका आजींनीं अभ्रा उघडला, केंस दोन बोटांत चोळला, आणि त्या म्हणाल्या, "मास्तर, हा केंस निसटतो. मेंढीची लोकर मिसळल्याबिगर पीळ धरायचा नाहीं." त्यांचें म्हणणें शास्त्रास धरून होतें. मेंढीच्या लोकरीस अंगचे वळसे असतात, त्यामुळें तंतु एकमेकांत गुंततात व ताणले तरी पुन्हां आंखडतात. कुत्र्याचा केंस सरळ व गुळगुळीत. मग माळेगांवच्या खंडोबाच्या जत्रेंत एका धनगराकडे आम्हीं लोकर मागितली. कशासाठीं हें ऐकून तो हंसला नाहीं. त्याच्या देवाजवळ कुत्रें असतेंच. त्यानें लोकरीवर चिमूटभर भंडारा टाकला. त्याचा पिवळा डाग सुतांत अजून दिसतो.

हा केवळ आमच्या घरचाच वेडेपणा नव्हे. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील कोस्ट सेलिश लोक लोकरीसाठींच कुत्रीं पाळीत, मेंढरांप्रमाणें तीं भादरीत, आणि तो केंस डोंगरी बकऱ्याच्या लोकरींत मिसळून घोंगड्या विणीत. जॉर्ज गिब्ज या संशोधकानें पाळलेलें त्या जातीचें 'मटन' नांवाचें कुत्रें १८५९ सालीं मेलें. त्याचें कातडें स्मिथसोनियन संस्थेंत पोंचलें आणि तेथें दीर्घकाळ विस्मृतींत पडलें. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, ही जात अदमासें ५,००० वर्षांपूर्वीं इतर कुत्र्यांपासून वेगळी झाली असावी, असें निष्पन्न झालें. मग ती नामशेष कां झाली? गिरणीच्या स्वस्त ब्लँकेटांमुळें, हें पुस्तकी उत्तर. धनगरी घोंगडीविषयीं आम्हीही वर्गांत असेंच सरधोपट सांगत आलों. सेलिश वृद्धांची साक्ष निराळी आहे: देवीची सांथ, वसाहतवाल्यांचा जुलूम, जुन्या रीतीभातींवरील बंदी. विणणाऱ्या बायकाच उरल्या नाहींत, तेव्हां कुत्रीं कोण राखणार?

आमची लडी जेमतेम तळहाताएवढी भरली. नातीची टोपीसुद्धां होईना. एकदां ती पावसांत भिजली तेव्हां मोतीचा वास घरभर झाला, आणि त्या दिवशीं आमचें कुटुंब जेवलें नाहीं. गिब्जनें नांव लिहून ठेवलें नसतें तर मटन हें नुसतें एक कातडें राहिलें असतें, हें ध्यानांत आल्यावर आम्हीं डब्यांत एक चिठ्ठी घालावयाचें ठरविलें. कुटुंबानें 'मोती, पश्मी, जानवळ' असें लिहिलें. त्याखालीं 'अर्धी लोकर मेंढीची, माळेगांव' हें आम्हीं लिहिलें, आणि त्यावरून घरांत दोन दिवस अबोला होता.